झोप लागत नाही? आधी उठायची वेळ बांधा

झोप येत नाही म्हटलं की बहुतेक लोक पहिल्यांदा एकच गोष्ट करतात: लवकर आडवं होतात. साडेनऊला दिवा बंद, मग साडेबारापर्यंत कूस बदलणं, पहाटे कुठं डोळा लागतो न लागतो, आणि ‘रात्री झोपच झाली नाही’ म्हणून सकाळी आठपर्यंत लोळणं. दुपारी जेवल्यावर परत तासभर. हे चार-सहा आठवडे चाललं की झोप खरोखरच बिघडते. रात्र सुधारायची तर सुरुवात सकाळपासून करावी लागते, आणि या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम त्यामुळेच सकाळ ते रात्र असा आहे. क्रम मोडून थेट जायफळ-दुधाकडे जाऊ नका. ते शेवटी आहे आणि त्याचं महत्त्वही तेवढंच आहे.

आपण झोपतो ते दोन गोष्टींमुळे. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि जितका वेळ जागं राहाल तितका झोपेचा दाब वाढतो. दुसरं म्हणजे शरीरातलं घड्याळ. ते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लावलं जातं आणि अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे रात्रीचं संप्रेरक सोडायला सांगतं. पेशींच्या आतलं हे घड्याळ कसं चालतं याच्या शोधाला २०१७ चं नोबेल मिळालं. दाब पुरेसा चढलेला आणि घड्याळ रात्र दाखवतंय, हे दोन्ही जुळलं की झोप आपोआप लागते. पुढचे सगळे उपाय या दोहोंपैकी कशावर तरी काम करतात.

आधी हे बघा: झोपेचा प्रश्न की दुसरं दुखणं?

काही तक्रारींवर घरगुती उपाय करत बसणं म्हणजे वेळ घालवणं. मोठ्यानं घोरणं, घोरता घोरता श्वास थांबणं, गुदमरून दचकून उठणं, सकाळी डोकं जड आणि दिवसा बसल्या जागी पेंग येणं, असं असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. हे झोपणाऱ्याला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळतं. तेव्हा घरच्यांना विचारा. रक्तदाब गोळ्या घेऊनही आटोक्यात येत नसेल तर संशय आणखी घ्यावा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे, किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जा.

रात्री पायांत वळवळल्यासारखं होऊन ते हलवल्याशिवाय चैन पडत नसेल तर रक्तातलं लोह तपासून घ्या. लघवीला तीन-चार वेळा उठावं लागत असेल तर साखर आणि, पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांत, प्रोस्टेट. छातीत धडधड आणि वजन घटत असेल तर थायरॉइड. पाळी जायच्या वयात रात्री घामानं जाग येणाऱ्या बायका ‘वयाचं आहे’ म्हणून सोसत राहतात. त्यावरही उपचार आहेत. आणि मन सतत खिन्न असेल, जगणं नको वाटत असेल, तर थांबू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं.

यातलं काही नसेल तर पुढं चला.

एक आठवडा नुसतं लिहा

साधी वही घ्या. रोज सकाळी अंदाजानं लिहा: अंथरुणात कधी गेलो, झोप साधारण कधी लागली, मध्ये किती वेळ जागा होतो, शेवटची जाग कधी आली, अंथरूण कधी सोडलं. शेजारी दुपारची झोप आणि शेवटचा चहा किती वाजता, एवढंच. रात्री घड्याळ बघून नोंद करायची नाही; घड्याळाचं तोंड भिंतीकडे करा आणि मोबाइल हाताच्या अंतरावर ठेवू नका. मनगटावरचं यंत्र झोपेचे आलेख काढतं, पण हलकी आणि गाढ झोप वेगळी ओळखण्यात ते बऱ्याचदा चुकतं, आणि ‘आज गुण कमी पडले’ ही काळजी झोप आणखी उडवते. वही बरी.

आठवड्याच्या शेवटी दोन आकडे काढा: अंथरुणात सरासरी किती तास आणि त्यातले झोपेचे किती. ते पुढं लागणार आहेत.

उठायची वेळ एकच, रविवारीसुद्धा

सगळ्यात मोठा फरक पडतो तो इथं. कामाच्या दृष्टीनं जमेल अशी एक वेळ ठरवा, समजा सहा, आणि रात्र कशीही गेली तरी त्याच वेळी उठा. रविवारी अर्धा तास इकडंतिकडं चालेल. नऊपर्यंत ताणलं तर त्या रात्री अकराला झोप येणार नाही आणि सोमवार पुन्हा मोडका. तालमीतल्या पोरांना झोपेवर व्याख्यान द्यावं लागत नाही. पहाटे ठरल्या वेळी उठून लाल मातीत घाम गाळणारा पैलवान रात्री पाठ टेकताच घोरायला लागतो. तुम्हाला हजार बैठका मारायच्या नाहीत, पण त्यातली ठरलेली वेळ आणि अंगमेहनत या दोन गोष्टी उचलता येतात.

उठल्यावर तासाभरात बाहेर पडा. रंकाळ्याची फेरी, विद्यापीठाचा रस्ता, नाहीतर आपल्याच गल्लीच्या टोकापर्यंत. वीस-तीस मिनिटं डोळ्यांत आभाळाचा उजेड गेला पाहिजे. सूर्याकडे टक लावायची नाही. इथं कोल्हापूरची एक गंमत लक्षात घ्या. आपली घड्याळं ज्या ८२.५ रेखांशावर लावलेली आहेत, तिथून आपण बरेच पश्चिमेला, सुमारे ७४.२ वर आहोत. म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या अर्ध्या तासाहून थोडा जास्तच मागे चालतो. जूनमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं, पण जानेवारीत सूर्य उगवायला सात वाजून जातात. हिवाळ्यात साडेपाचला फिरून सहाला घरात येणाऱ्यांना चालणं घडतं, उजेड मिळत नाही. त्यांनी सव्वासातला चहाचा कप घेऊन पुन्हा गच्चीवर किंवा अंगणात बसावं.

पावसाळ्यात ‘ऊनच नाही’ ही सबब चालत नाही. जुलैतलं भरलेलं आभाळसुद्धा ट्यूबलाइटच्या खोलीपेक्षा कितीतरी पट उजळ असतं. छत्री घ्या, नाहीतर पडवीत बसा.

दुपार आणि वामकुक्षी

रात्री झोप चांगली असेल तर दुपारची डुलकी खुशाल घ्या. ज्यांची रात्र बिघडली आहे त्यांनी ती काही आठवडे बंद ठेवावी, कारण सकाळपासून साठलेला झोपेचा दाब दुपारी दीड तासात निम्मा उतरवून टाकला की रात्रीसाठी काय उरणार? अगदीच आवरत नसेल तर तीनच्या आत, वीस मिनिटांचा गजर लावून, आणि शक्यतो खुर्चीत.

ज्येष्ठांच्या बाबतीत खरा चोर दुपारचा नसतो, संध्याकाळचा असतो. मालिका बघताना आठ वाजता आजोबांची मान खाली जाते, नऊला ते अंथरुणात आणि पहाटे तीनला टक्क जागे. मग ‘म्हाताऱ्यांना झोप कमी’ असं सगळे म्हणतात. वयानं झोप हलकी होते हे खरं, पण सात तासांची झोप आठला सुरू झाली तर ती तीनलाच संपणार. त्यांना संध्याकाळी उजेड असेपर्यंत बाहेर न्या, आठला काहीतरी काम द्या (शेंगा सोलणं, नातवंडांचा अभ्यास), आणि दहाच्या आधी अंथरूण घालू नका.

चहा, तंबाखू, मिश्री आणि ‘थोडीशी’

चहातलं कॅफीन ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं. दाब असतो, पण मेंदूला तो जाणवत नाही. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच-सहा तास लागतात. सातला घेतलेल्या कपातलं निम्मं मध्यरात्रीही रक्तात फिरत असतं. ‘मला चहानं काही होत नाही, पिऊन लगेच झोपतो’ असं म्हणणाऱ्यांचीही झोप उथळ होते. शेवटचा चहा दुपारी दोन, फार तर तीनला. पण कोल्हापुरात संध्याकाळी कुणाच्या घरी गेल्यावर ‘घ्या की वाईच, एका कपानं काय व्हतंय’ हे चुकत नाही. नाही म्हणून माणसं दुखवू नका. कोकम सरबत नाहीतर कपभर दूध मागा. यजमानाला पाहुणचाराशी मतलब.

तंबाखू आणि मावा मळणाऱ्यांना वाटतं की त्यानं डोकं शांत होतं. निकोटिन मेंदूला जागं ठेवतं. रात्री मिश्री लावून झोपायची सवय असलेल्या बायकांनाही हेच लागू. ती तंबाखूच आहे, आणि झोप न येण्याच्या चौकशीत तिचं नाव कुणी काढत नाही. सोडलीत तर उत्तम. निदान झोपेआधीच्या दोन-तीन तासांत नको.

दारूनं झोप लवकर लागते हे खरं आहे. उत्तररात्री ती उतरायला लागली की झोपेचे तुकडे पडतात, घोरणं वाढतं आणि पहाटे तोंड कोरडं पडून जाग येते. झोपेसाठी दारू हा उपाय म्हणून धरूच नका.

रात्रीचं ताट

तांबडा-पांढरा रस्सा सोडून द्या असं मी म्हणणार नाही. पण तो रात्री साडेदहाला ओरपून अकराला आडवं झालात तर आंबट पाणी घशाशी येणारच. जेवण आणि झोप यांत अडीच-तीन तास ठेवा. रविवारचं मटण दुपारी करायची आपली जुनी पद्धत या बाबतीत शहाणी आहे. तीच धरा आणि रात्री भाकरी-आमटी, मऊ भात, ताक. दुकान बंद करून दहाला घरी येणाऱ्यांनी जेवणाचे दोन भाग करावेत, साडेसातला दुकानातच भाकरी-भाजी आणि घरी आल्यावर वाटीभर हलकं काही. तरीही जळजळ होत असेल तर डाव्या कुशीवर झोपा आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली अर्धा फूट विटा घाला. नुसत्या दोन उशा घेतल्यानं पोट दुमडतं आणि आम्ल उलट वर येतं. उपाशीही झोपू नका. भुकेनंही जाग येते.

खोली: उकाडा, डास, डॉल्बी

झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरतं. ते उतरायला मदत करणं एवढंच खोलीचं काम. परदेशी लेखांत खोली अठरा-वीस अंश ठेवा असं असतं. एप्रिलमध्ये स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर ते विसरा. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीची बाहेरची हवा बरीच उतरते, तापलेला असतो तो स्लॅब. म्हणून दुपारी पश्चिमेच्या खिडक्या बंद ठेवून जाड पडदे सोडा, आठनंतर समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा आरपार जाऊ द्या, गच्चीवर उन्हाळ्याच्या तोंडाला पांढरा रंग किंवा चुन्याचे दोन हात मारा. पत्र्याच्या घरात पत्र्याखाली छत ठोकून घेतलं तर फरक लगेच कळतो. जमत असेल तर एप्रिल-मे खालच्या खोलीत काढा. पॉलिस्टरची चादर आणि जाड फोम घाम धरून ठेवतात. सुती चादर, कापसाची गादी बरी. जुनी वाकळ अंथरायला आजही कमी पडत नाही.

झोपायच्या तासभर आधी कोमट पाण्यानं अंघोळ हा उन्हाळ्यातही चालणारा उपाय आहे. कातडीकडे रक्त येतं, आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीर निवतं. तळपायाला काशाच्या वाटीनं तेल चोळण्यामागंही असंच काहीसं आहे, पाय उबदार झाले की आतलं तापमान उतरायला वाट मिळते. वाटी नसेल तर नुसता हात चालतो.

डासांसाठी मच्छरदाणीला तोड नाही. वासाच्या कॉइलचा धूर बंद खोलीत छातीत भरून घेण्यापेक्षा पन्नास वेळा बरी.

आवाजाचं काय करायचं? गल्लीत मंडळ असेल तर कानात घालायचे फोमचे बोळे घरात ठेवा, आणि पंख्याचा एकसुरी आवाज चालू असू द्या. त्यात बाहेरचे तुटक आवाज बुडतात. नियम मात्र तुमच्या बाजूनं आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे, सणासाठी शासन वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. तक्रार ११२ वर करता येते. शेजारधर्म सांभाळायचा असेल तर दिवसा मंडळाच्या पोरांशी बोलणं जास्त उपयोगी पडतं.

मोबाइलच्या निळ्या प्रकाशाचा फार गाजावाजा झाला आहे. प्रकाशापेक्षा त्यातला मजकूर जागवतो: भाऊबंदकीचा वाद, साहेबांचा निरोप, एकामागून एक व्हिडिओ. निळा प्रकाश अडवणारे चष्मे घेण्यात पैसे घालवू नका, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. गजरासाठी साधं घड्याळ मिळतं.

अंथरुणाशी ओळख बदला

महिनोन्महिने अंथरुणात जागं राहिलं की मेंदू अंथरूण दिसताच जागा होतो. सोफ्यावर पेंगणारा माणूस पलंगावर जाताच टक्क होतो ते याचमुळे. हे मोडायचे नियम साधे आहेत, पाळायला कठीण. पेंग आल्याशिवाय अंथरुणात जायचं नाही. थकवा वेगळा, पेंग वेगळी. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, कपड्यांच्या घड्या, जुनं मासिक. पेंग आली की परत. पुन्हा नाही लागली, पुन्हा उठायचं. एकाच खोलीचं घर असेल तर अंथरूण सोडून भिंतीला टेकून बसलं तरी चालतं.

आता वहीतले आकडे काढा. समजा तुम्ही रात्री दहा ते सकाळी सहा, आठ तास अंथरुणात आहात आणि झोपता साडेपाच-सहा तास. तर अंथरुणातला वेळच सहा तास करा: रात्री बारा ते सहा. बाराच्या आत आडवं व्हायचं नाही, सहाला उठायचंच. पहिला आठवडा अंगावर येतो, दिवसा पेंग येते, माणूस चिडचिडा होतो; पण झोपेचा दाब साठतो आणि तुकड्यांची झोप सलग व्हायला लागते. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्के वेळ झोपेत जातोय असं आठवडाभर दिसलं की झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे घ्या. असं करत करत तुमच्या गरजेला या. मोठ्या माणसाला बहुधा सात तास तरी लागतात. साडेपाच तासांच्या खाली हा वेळ कधीच नेऊ नका. निद्रानाशावर डॉक्टर गोळ्यांच्या आधी जी वर्तनोपचार पद्धत सुचवतात तिचा हा कणा आहे. मात्र फिट येणारे, उन्माद-नैराश्याचा आजार असलेले, झोपेत श्वास अडकणारे, आणि ट्रक, एसटी किंवा धोक्याचं यंत्र चालवणारे यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावा.

डोक्यात चक्र सुरू होत असेल तर त्याची वेळ संध्याकाळी लावा. जेवणाआधी दहा मिनिटं वहीत उद्याची कामं आणि डोक्यातल्या काळज्या लिहा, प्रत्येकीपुढे पुढचं एक पाऊल: ‘बँकेत फोन’, ‘सोमवारी बघू’. अंथरुणात श्वास घ्यायचा तो सावकाश, आणि सोडायला त्याहून जास्त वेळ. आणखी एक उफराटी युक्ती: डोळे उघडे ठेवून ‘जागंच राहायचं’ असं ठरवून पडा. झोपण्याचा प्रयत्न सुटला की ताण सुटतो.

दूध, जायफळ, अश्वगंधा

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून मिळणारं दूध कोल्हापूरची शान आहे, पण ते कच्चं असतं. झोपेसाठी प्यायचं तर घरी आणून उकळा. दुधातल्या घटकांनी गुंगी येते असं म्हणण्याइतकं त्यात काही नाही. कोमटपणा आणि रोजची सवय मात्र मनाला सूचना देते. जायफळ चिमूटभरच. जास्त झालं तर मळमळ, धडधड, भास होतात, आणि लहान मुलांना तर देऊच नका. अश्वगंधेचा काहींना थोडा उपयोग होतो, पण गरोदर बायका, थायरॉइड किंवा यकृताचा त्रास असलेले यांनी स्वतःच्या मनानं घेऊ नये. झोपेच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर एकदम तोडू नका. डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

रात्रपाळी असेल तर

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांत आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवर पाळी बदलत राहते. वरचे नियम तसेच्या तसे लागू होत नाहीत. पाळीला जाण्याआधी संध्याकाळी तास-दीड तास झोप काढा. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच. सकाळी घरी येताना काळा गॉगल लावा, म्हणजे सकाळचं ऊन घड्याळाला दिवस सुरू झाल्याचं सांगणार नाही. पेंग येत असेल तर मात्र दुचाकीला किल्ली लावू नका, कंपनीच्या बसनं या. घरी थोडं खाऊन लगेच झोपा, खिडकीला काळं कापड, दाराची बेल बंद. घरच्यांना हे समजावणं सगळ्यात अवघड. रात्री दोनला कुणी तुम्हाला गॅसची टाकी उतरवायला उठवत नाही, तर सकाळी अकरालाही उठवू नये. सुट्टीच्या दिवशी पूर्ण उलटं वेळापत्रक न करता दोन्ही वेळापत्रकांत तीन-चार तास तरी सामाईक राहतील असं बघा.

सण आणि लग्नसराई

बांधलेली वेळ गणपती विसर्जनाला मोडणारच. मिरवणूक बघा, पहाटे घरी या. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेपेक्षा फार तर तासभर उशिरा उठा, दुपारी वीस मिनिटं पडा, आणि रात्र भरून काढायला आठलाच अंथरुणात शिरू नका. दोन दिवसांत गाडी रुळावर येते. जोतिबाच्या यात्रेला रात्रभर चालून येणाऱ्यांनाही हेच, फक्त उतरताना गाडी झोप झालेल्या माणसानं चालवावी.